तीन जोड मोजे, तरी पाय गार

प्रश्न: माझा मुलगा कॅनडात विनिपेगला शिकतो. उणे २५ थंडी असली तरी विद्यापीठात सायकलनेच जातो. स्पोर्ट्स शूजमध्ये मी दिलेले तीन जोड लोकरी मोजे घालूनही वीस मिनिटांत बोटं बधिर होतात म्हणतो. इथून ट्रेकिंगचे चांगले बूट पाठवू का?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, बूट पाठवू नका. आणि त्या शूजमध्ये तीन जोड मोजे कोंबणं त्याला आजच थांबवायला सांगा. ऊब टिकते ती लोकरीत अडकलेल्या हवेमुळे. बूट घट्ट झाला की ती हवा दबून निघून जाते, वर बोटांकडे जाणारं रक्तही अडतं. मी विनिपेगमध्येच राहते आणि हिवाळाभर सायकलने कामावर जाते. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी पहिलं हेच सांगते: बुटात बोटं मोकळी हलली पाहिजेत.

चालताना पाऊल वाकतं, रक्त खेळतं राहतं. सायकलवर पाऊल जवळजवळ ताठ असतं, सगळा दाब चवड्यावर येतो आणि समोरून सायकलच्याच वेगाचा वारा लागतो. म्हणून चालायला पुरेसा ऊबदार असलेला बूटही सायकलवर कमी पडतो. सह्याद्रीत फिरायचे आपले बूट तर इथल्या जानेवारीत टिकायचे नाहीत. रात्रीचं सरासरी तापमानच उणे २१ च्या आसपास असतं.

त्याला इथूनच बर्फाचे बूट घेऊ द्या, आतलं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर बाहेर काढता येईल असे. जुन्या वस्तूंच्या दुकानांतही ते स्वस्तात मिळतात. नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठे घ्यावेत आणि जाड मोजे घालून, संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना पायात घालून बघावेत. आत एक पातळ सिंथेटिक मोजा आणि त्यावर एक जाड लोकरी, इतकंच. थंडी फारच वाढली तर या दोन मोज्यांच्या मध्ये पावाची रिकामी प्लास्टिकची पिशवी चढवावी. इथली जुनी माणसंही हे करत आली आहेत. पाय थोडा दमट लागतो, पण घाम लोकरीत मुरत नाही आणि खरी थंडी वाजते ती ओल्या लोकरीने. घरी आल्यावर अस्तर रोज काढून वाळवायचंच, त्यात आळस नको.

सायकलकडेही बघायला हवं. धातूचं पेडल तळव्यातली ऊब ओढून घेतं. तळाला पेडलमध्ये अडकणारी लोखंडी क्लीट असलेले सायकलिंगचे बूट तर त्याहून वाईट. रुंद प्लास्टिकची, खुंट्या असलेली पेडल लावावीत. बुटाचा तळ जाड असल्यामुळे सीट तेवढी वर घ्यावी लागेल. रुंद बूट क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांड्याला, घासत नाही ना, हेही घरासमोरच एक फेरी मारून तपासावं.

काही पाठवायचंच असेल, तर बुरणुसाचा तुकडा पाठवा. तो दाबून केलेल्या लोकरीचा असल्याने बुटात सहज चपटा होत नाही. मी कागदावर पाऊल आखून त्या मापाचे तळवे कापले आणि माझ्या बुटांत घातले आहेत. मात्र ते घातल्यावरही बोटं हलली पाहिजेत. हलत नसतील तर काढून टाकायचे.

बोटं बधिर व्हायला लागली की त्याने पुढे रेटू नये. उतरून सायकल हातात धरून चालावं, बोटं हलवत राहावीत. घरी आल्यावर त्वचा पांढरी, मेणासारखी कडक दिसली तर तेल लावून चोळायला मुळीच सांगू नका, त्याने इजा वाढते. हीटरवरही पाय धरू नयेत, कारण बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात पाय ठेवावेत. फोड आले किंवा संवेदना परतली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.