दोन खासदारांचा एक मतदारसंघ: तुमच्या आजी बरोबर सांगतायत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, सोलापूरच्या आजी म्हणतात, "पहिल्या निवडणुकीला आम्ही दिल्लीसाठी दोन मतं टाकली," आणि घरात कुणाचा विश्वास बसत नाही. तुम्ही शोधायला गेलात तर आणखी एक कोडं पुढे आलं: १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ४८९ जण निवडून गेले, पण मतदारसंघ मात्र ४०१. दोन्हींचं उत्तर एकच आहे. आजींना खोटं पाडू नका.

तेव्हा ३१४ मतदारसंघांतून एकेक खासदार जायचा, ८६ मतदारसंघांतून दोन-दोन आणि उत्तर बंगाल या एकट्या मतदारसंघातून तीन. बेरीज करा, ४८९ भरतात. आज राखीव म्हटलं की अख्खा मतदारसंघच राखीव असतो. तेव्हा बहुतेक राखीव जागा अशा दुहेरी मतदारसंघांत होत्या: एक राखीव, एक सर्वसाधारण. तिथे प्रत्येक मतदाराला दोन मतं. अट एवढीच की दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. दिलीच तर मोजणीत एक धरायचं, दुसरं बाद.

केंद्रावर शिक्का मारायची भानगड नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं: काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका, तीही आपल्या नाशिकच्या छापखान्यातली, आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत टाकायची. दुहेरी मतदारसंघात दोन मतपत्रिका, दोन पेट्या. विधानसभेचं मतदानही त्याच वेळी होतं आणि तिकडेही दुहेरी मतदारसंघ होते, म्हणजे काही गावांत एकेकाच्या हाती चार मतपत्रिका पडल्या. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी हे सगळं चिन्हं बघून पार पाडलं. मला त्याचं फार मोल वाटतं.

खरी गुंतागुंत मोजणीत होती. राखीव गटातल्या उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मतं, त्याला आधी राखीव जागा द्यायची. मग उरलेल्या सगळ्यांत जो पुढे, त्याला दुसरी जागा. या "सगळ्यांत" राखीव गटातले उरलेले उमेदवारही आले. ती दुसरी जागा सर्वांना खुली होती, सवर्णांसाठी बाजूला काढलेली नव्हती. लोक इथेच चुकतात.

त्यामुळे सारा खेळ दुसऱ्या मताचा झाला. माझ्या मतदारांनी दुसरं मत तुमच्या माणसाला द्यायचं, तुमच्यांनी माझ्या माणसाला. सोलापुरात शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) शंकरराव मोरे आणि फेडरेशनचे पां. ना. राजभोज असे दोघेही निवडून आले, आणि देशभर ३६४ जागा घेणाऱ्या काँग्रेसला तिथे एकही मिळाली नाही. दुसरी मतं एकमेकांकडे वळल्याशिवाय हे झालं असेल असं मला वाटत नाही. उत्तर मुंबईत याच्या उलट. बाबासाहेब आंबेडकर आणि समाजवादी अशोक मेहता यांची युती असूनही काँग्रेसचे व्ही. बी. गांधी आणि नारायण काजरोळकर दोघेही आले. बाबासाहेब काजरोळकरांपेक्षा १४,५६१ मतांनी मागे राहिले. ज्यांनी घटनेचा मसुदा घडवला ते पहिल्या लोकसभेत नव्हते, राज्यसभेतून संसदेत आले. ही गोष्ट मला आजही बोचते. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत मेहता निवडून आले आणि बाबासाहेब पुन्हा हरले. तोही दुहेरी मतदारसंघच होता.

सोलापूरचे हेच मोरे पुढे लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी ग. वा. मावळंकरांसमोर विरोधकांचे उमेदवार होते. १५ मे १९५२ ला मावळंकर ३९४ विरुद्ध ५५ मतांनी निवडून आले. (जुनी कागदपत्रं चाळणार असाल तर ध्यानात ठेवा: "लोकसभा" हे नाव १४ मे १९५४ ला जाहीर झालं. त्याआधीच्या इंग्रजी कागदांत "हाउस ऑफ द पीपल" म्हणून शोधा.)

ही पद्धत का गेली? एक तर दुप्पट मोठा मतदारसंघ, उमेदवाराने फिरायचं तरी किती! शिवाय १९५७ ला आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये आदिवासींसाठी राखीव जागेबरोबर दुसरी जागाही आदिवासी उमेदवारानेच जिंकली आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हरले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५९ मध्ये न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, आणि माझ्या मते योग्यच केलं. जास्त मतं मिळवणाऱ्याला केवळ जमातीमुळे खुल्या जागेवरून मागे सारायचं कशाला? १९६१ मध्ये कायदा करून दुहेरी मतदारसंघ मोडले आणि १९६२ पासून सगळीकडे एक मतदारसंघ, एक खासदार.

निवडणूक आयोगाचा १९५१-५२ चा अहवाल उघडलात तर सोलापूरच्या पुढे दोन जागा दिसतील. मतांची बेरीज मतदारसंख्येशी ताडून बघू नका, एकेका माणसाची दोन मतं आहेत. आणि आजींना एवढं जरूर विचारा, की दिल्लीच्या दोन मतांपैकी एक हत्तीच्या पेटीत टाकलं होतं का. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि जमलं तर इथेही टाका.