एकाच दिवशी 10 लिटर चरबी आणि पोटाची कातडी काढणं सेफ आहे का?

ताई, तुम्ही लिहिलं का वजन 88 किलो आहे, दोन सिझर झाले, पोट लोंबून राहिलं, आणि डॉक्टर म्हणते पोट, कमर, मांड्या मिळून 10 लिटर चरबी काढतो, कातडी बी त्याच दिवशी कापतो, संध्याकाळी घरी जा. असं नका करू. मी नागपूरला प्लास्टिक सर्जरीच्या ओटीत 9 वर्षं सिस्टर होती, आता आर्वीकडे गावात राहते, म्हणून एवढ्या कळकळीनं लिहून राहिली.

पहिले लिटर म्हणजे काय ते समजून घ्या. चरबी ओढायच्या आधी त्या जागेत सलाईन, अ‍ॅड्रेनलिन (रक्तस्राव कमी करायचं औषध) आणि लिग्नोकेन (जागा बधिर करायचं औषध) मिसळलेलं पाणी भरते, मग नळीनं ओढते. बाटलीत पाहाल तं थोड्या वेळानं वर पिवळा चरबीचा थर येते, अगदी ताकावर लोणी यावं तसा, आणि खाली लालसर पाणी बसते. तर 5 लिटर निघाले म्हणजे 5 लिटर चरबी नाही, आणि वजन तं 3-4 किलोच्या आसपासच कमी होते. वजन कमी करायचं हे ऑपरेशनच नाही, ते अंगाचा आकार नीट करायचं आहे.

अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेनं 5 लिटरवर रेघ मारली आहे, त्यात चरबी आणि पाणी दोन्ही धरून. त्याच्या वर गेलं तं मोठ्या हॉस्पिटलात, रात्रभर नजरेखाली ठेवायचं. आणि 5 च्या आत म्हणजे बिनधास्त असंही नाही, तुमचं हिमोग्लोबिन 9 असेल तं 3 लिटर बी जड जाईल. पोटाची कातडी कापायची असेल त्या दिवशी तं चरबी अजून कमीच ओढायची. फ्लोरिडा राज्यात क्लिनिकमध्ये दोन्ही एकत्र केलं तं चरबी 1 लिटरच्या वर नाही असा नियमच आहे. कारण कातडी उचलून खाली ओढून शिवली का तिचा रक्तपुरवठा आधीच अर्धा तुटलेला असते, वरून नळी जास्त फिरवली तं टाक्याची कडा काळी पडते. अशा जखमेचं ड्रेसिंग मी दीड-दीड महिना केलं आहे.

कातडी किती काढायची हे किलोत नाही ठरत. उभं करून मार्करनं खुणा करते, चिमटीत धरून पाहते, मग टेबलावर कमरेतून वाकवून कडा ताण न पडता जुळते का ते पाहते. जेवढी जुळते तेवढीच.

मागच्या वर्षी बाजूच्या गावातल्या एका बाईची 7 लिटरच्या वर चरबी ओढून (कुठं ते लिहित नाही) त्याच संध्याकाळी किरायाच्या गाडीत घरी पाठवलं. रात्री 11 ले तिच्या नवऱ्याचा फोन आला, "सिस्टर, हिले बसवलं तं डोळे फिरवून राहिली, दुपारपासून लघवीच नाही झाली." मी म्हटलं झोपवूनच ठेवा, पाय वर करा आणि निघा. चार दिवस आयसीयू, दोन पिशव्या रक्त, वाचली बिचारी. होते काय का ओढलेल्या जागी सूज येते, रक्तातलं पाणी तिकडे जाते आणि बीपी पडते, सलाईन जास्त दिलं तं फुप्फुसात पाणी. लिग्नोकेन बी रक्तात साधारण 12 तासांनी सगळ्यात जास्त चढते, म्हणजे तुम्ही घरी झोपल्या असाल तेव्हा! म्हणून पहिली रात्र दवाखान्यातच.

आपल्याकडचे दोन प्रश्न डॉक्टर विचारो ना विचारो, तुम्ही स्वतःच सांगा. एक सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या विदर्भात बऱ्याच घरांत आहे, कॅरिअर (स्वतःले त्रास नाही, पण आजार अंगात वाहून नेणाऱ्या) असाल तं भूल देणाऱ्या डॉक्टरले माहीत पायजेच, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. दुसरं खर्रा, गुल (दाताले लावायची तंबाखूची पूड), नस (तपकीर). बाया सांगत नाही, लाजते, पण तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि कातडी मरते. निदान 4 आठवडे आधी आणि 4 आठवडे नंतर बंद म्हणजे बंद. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तं त्याही सांगा, पायात रक्ताची गाठ होऊन फुप्फुसात जायची भीती पोटाच्या ऑपरेशनले जास्त असते. दुसऱ्या दिवशी चालायला लावलं तं दुखलं तरी चाला. नंतर पोटरी एकीकडेच सुजली किंवा दम लागला तं सकाळची वाट नका पाहू.

आणि दिवाळीच्या आधी करून कापूस वेचायला जाईन म्हणता, ते जमणार नाही. 6 आठवडे हंडा बी उचलायचा नाही. वेचणी संपू द्या, वजन 6 महिने एकाच जागी राहू द्या, मग एमसीएच (प्लास्टिक सर्जरीची वरची डिग्री) झालेला प्लास्टिक सर्जन पाहून आधी पोट करा आणि मांड्या काही महिन्यांनी वेगळ्या. तुमचं हिमोग्लोबिन किती आणि सिकलसेलची तपासणी झाली का, ते खाली लिहा, मी पाहते.