जिब्राल्टरचे पाउंड लंडनमध्ये चालतात का?

नाही. जिब्राल्टर हा स्पेनच्या दक्षिण टोकाला असलेला ब्रिटिश प्रदेश. त्याचा पाउंड ब्रिटिश पाउंडाशी 1:1 बांधलेला आहे, पण ब्रिटनमध्ये तो कायदेशीर चलन नाही. दुकानदार नोट बहुधा परत करतो आणि बदलून देताना मूल्य कापलं जाऊ शकतं. उलट दिशेला अडचण नाही: बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा जिब्राल्टरमध्ये बिनधास्त चालतात.

म्हणून तिथल्या एटीएममधून लागतील तेवढेच काढा, कारण हातात बहुधा स्थानिक नोटाच येतात. शेवटच्या दिवशी सुटे घेताना ‘इंग्लिश नोटा द्या’ असं स्पष्ट सांगा. मागितल्या तर बरेचजण देतात. नाण्यांचं मात्र वेगळं. पेनीपासून 50 पेन्सपर्यंतची नाणी ब्रिटिश नाण्यांच्याच आकाराची, त्यामुळे ती सुट्या पैशांत सहज मिसळतात. नाणं उलटून बघा: जिब्राल्टरच्या जुन्या 5 पेन्सवर बार्बरी माकड दिसेल.

फॉकलंड आणि सेंट हेलेना या दक्षिण अटलांटिकमधल्या ब्रिटिश बेटांच्या पाउंडालाही हाच नियम. फॉकलंडचं 50 पेन्स मिळालं तर खर्चू नका, जपून ठेवा. त्यावर वॉरा आहे, एकोणिसाव्या शतकात नामशेष झालेला तिथला कोल्ह्यासारखा प्राणी. बर्म्युडा, केमन या ब्रिटिश बेटांवर जाणार असाल तर पाउंड विसरा, तिथे डॉलर आहेत: बर्म्युडाचा एक म्हणजे एक अमेरिकन डॉलर, केमनचा एक म्हणजे 1.20.