आवरून झाल्यावर लिहीन म्हणणाऱ्या मैत्रिणीला

अगं, आवरणं कधीच संपत नाही. भाकऱ्या झाल्या की डबे, डबे झाले की धाकट्याचा कन्नडचा अभ्यास. तेव्हा वेळ बसमध्येच काढ. जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसला शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, त्यामुळे सकाळच्या खानापूर-बेळगाव गाडीत बसायला जागा सोड, दांडी धरायलाही मिळत नाही. वही काढू नकोस. सुचलेली ओळ मोबाइलमध्ये पुटपुट. शेजारची बघेल, बघू दे. रात्री भांडी घासून झाली की तेवढीच उतरवून ठेव.

इंदिरा संतांच्या यजमानांचं 1946 साली निधन झालं. पदरात तीन मुलं, बेळगावात नोकरी, तरी कविता चालू राहिली. पण त्यांच्याशी स्वतःला तोलत बसू नकोस, उगाच धीर खचतो.

लिहिलेलं आधी सासूबाईंना वाचून दाखव, नवऱ्याला मागाहून. (हे माझं मत हं, पटलं तर बघ.) कडोली, येळ्ळूर, उचगावला मराठी साहित्य संमेलनं भरतात. कविसंमेलनाला नाव देशील तेव्हा छोटी कविता निवड आणि त्या रविवारी चूल कोण बघणार, तेही शनिवारच्या आतच ठरवून टाक.