पुण्यात गच्चीवर अंगोरा ससे पाळून घरीच लोकर कातता येईल का? लोकर काढताना सशांना त्रास होतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावरून मी सासरी आजवर बोलणी खाते आहे.

ह्यांची नेमणूक हिमाचलात कुल्लूकडे जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यावर झाली, तेव्हा आम्ही गडसा खोऱ्यात भाड्याने राहायचो. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं एक केंद्र गडशालाच आहे. आमच्या घरमालकीणबाईंकडे जर्मन अंगोरा जातीचे ससे होते. दुपारभर ऊन खात त्या टकळी फिरवायच्या. मी शाळेत सूतकताईच्या तासाला टकळीवर बक्षीस मिळवलेली मुलगी, तेव्हा मला वाटलं, यात काय मोठंसं! पहिल्या दिवशी धागा सुटून टकळी इतक्या वेळा पायावर पडली की बाई हसून हसून बेजार. कापसाच्या पेळूतला तंतू एकमेकाला धरून राहतो. अंगोराचा केस गुळगुळीत, मेंढीच्या लोकरीसारखी नागमोड त्यात नाही, त्यामुळे पीळ कमी पडला की धागा नुसता निसटतो. पीळ जास्त हवा आणि टकळी हलकी हवी. एक सोय मात्र आहे. मेंढीच्या लोकरीला असतो तसा मेणचटपणा याला जवळपास नसतो, म्हणून न धुता टोपलीतून थेट कातायला घेता येतं.

महिन्याभरात मीही चार ससे घेतले. तीन माद्या, एक नर. एका मादीचं नाव शेवरी, कारण ती उन्हात बसली की शेवरीचं बोंड फुटल्यासारखी दिसायची.

आता मुद्द्याची गोष्ट. इंग्लिश आणि फ्रेंच अंगोराची लोकर तीन-चार महिन्यांनी आपोआप सुटते, ती हाताने विंचरून, हलके ओढून काढता येते. जर्मन अंगोराची तशी सुटत नाही, वाढतच जाते. ती दर 75 ते 90 दिवसांनी कातरावीच लागते. आपले धनगर मेंढ्यांची कातरणी करतात तसंच, फक्त सशाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि हात स्थिर लागतो.

मे महिन्यात थोरल्या जाऊबाई मुलांना घेऊन आल्या. मी ओसरीवर नराची कातरणी करत होते. त्यांनी मागून एकदम हाक मारली, माझा हात हलला आणि पोटाजवळ जरासं कापलं. रक्ताचा एक ठिपका. हळद लावली, पाच मिनिटांत तो पाला खात बसला. पण जाऊबाईंचं सुरू झालं: "मुक्या जनावराचं रक्त काढून शाल विणणार होय गं तू?" त्या तीन आठवडे राहिल्या आणि तीन आठवडे हेच ऐकवलं, तेही पोरांसमोर. दुसऱ्या दिवशी शेवरीच्या कातरणीचा नंबर होता. मी कात्री ठेवून दिली. त्या गेल्यावरही हात धजेना. म्हटलं राहू दे, एवढी काय घाई आहे.

जून संपत आला तेव्हा तिच्या अंगावर चार महिन्यांहून जास्त वाढ होती. काखेत, मांड्यांत जटा. ससा दिवसभर अंग चाटतो, ते केस पोटात जातात, आणि सशाला ओकता येत नाही. मांजर गोळा टाकून मोकळं होतं, सशाचा पोटातच अडकू शकतो. आधी तिच्या लेंड्या बारीक झाल्या, मग केसांत ओवलेल्या माळेसारख्या पडायला लागल्या. हे दिसलं तेव्हाच मी उठायला हवं होतं. मी पपई भरवत बसले. पपईने केस विरघळत नाहीत, हे जनावरांच्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी औषधं दिली, पण तिने खाणं सोडलं ते सोडलंच. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

फोनवर जाऊबाई म्हणाल्या, "तळतळाट लागतो गं." मी गप्प बसले. पुढे 2013 साली चीनमधल्या शेडमध्ये सशांची लोकर जिवंतपणी ओरबाडतानाचा व्हिडिओ जगभर गाजला, मोठमोठ्या ब्रँडनी अंगोरा बंद केलं. तो त्यांनी मला आवर्जून पाठवला. व्हिडिओ भयानकच आहे, तसं करणाऱ्यांचं मी समर्थन करत नाही. पण कात्री आणि ओरबाडणं यांत फरक आहे, आणि जर्मन अंगोराची लोकर वेळेवर न काढणं हाच खरा छळ. शेवरी कात्रीने मेली नाही, ती कात्री न लावल्याने मेली. त्यानंतर मी कॅलेंडरवर लाल खूण करून 80व्या दिवशी कातरणी केली, पाहुणे असोत की नसोत.

राहिला पुण्याचा प्रश्न. नको. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो आणि अंगावर ही एवढी रजई. तिशीच्या वर पारा गेला की धापा टाकतो, नर तर उन्हाळ्यात प्रजननाला तात्पुरते निकामी होतात. एप्रिलच्या गच्चीवर पत्र्याखाली तो दुपारही काढणार नाही. एसी लावून पाळणार असाल तर बिल लोकरीतून निघेल हा भ्रम सोडा: मला एका कातरणीला एका सशाकडून सव्वाशे-दीडशे ग्रॅम मिळायची, तीही जटा वगळायच्या आधी. पुण्याला परतताना मी उरलेले तिघे घरमालकीणबाईंनाच देऊन आले.

कातायची हौस असेल तर कुल्लूकडून थोडी लोकर मागवा आणि निम्म्याहून जास्त मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची लोकर, मिसळा. नुसत्या अंगोराच्या धाग्याला लवचीकपणा नसतो, स्वेटर लोंबतो, आणि आपल्या थंडीत तो इतका गरम होतो की अंगात ठेववतही नाही. सुरुवातीला दोन पदरी पिळा. धागा कातताना केसाळ दिसत नाही म्हणून नाराज होऊ नका, ती लव वापरता वापरता वर येते.

मी डॉक्टर नाही, हे चार सशांवरचं ज्ञान आहे. कोणी थंड डोंगरात राहून खरंच पाळणार असेल तर सुकं गवत भरपूर द्या, नुसता लसूणघास नको. पायाखाली जाळी असेल तर बसायला एक फळी ठेवा, तळवे सोलवटतात. आणि कानात खरूज दिसली तर घरगुती तेलं चोपडत बसू नका.

शेवरीच्या आधीच्या कातरणीची लोकर मेरिनोत मिसळून मी गुडघ्याच्या दोन पट्ट्या विणल्या होत्या. त्या जाऊबाईंकडे आहेत. दर थंडीत घालतात.