आर या प्रोग्रॅमिंग भाषेत मॅट्रिक्समधले (ओळी-स्तंभांच्या तक्त्यातले) नेमके आकडे उचलताना
त्यासाठी लूप (एकेक आकडा फिरून उचलणारा कोड) लिहिला असशील तर तो आधी काढून टाक. तुला पहिल्या ओळीतला तिसरा, दुसरीतला पहिला आणि चौथीतला दुसरा आकडा हवाय ना? मॅट्रिक्सचं नाव एम धरू; सी(...) म्हणजे आकड्यांची यादी. एम[सी(१,२,४), सी(३,१,२)] लिहिलंस तर ३ नाही, ९ आकडे येतील, कारण आर प्रत्येक ओळीची प्रत्येक स्तंभाशी गाठ घालतं. त्यापेक्षा एम[सीबाइंड(ओळी, स्तंभ)] लिही; ओळी आणि स्तंभ म्हणजे वरच्याच दोन याद्या, सीबाइंड त्यांना शेजारी-शेजारी स्तंभ म्हणून जोडतं. आत दोन स्तंभांचं मॅट्रिक्स गेलं की त्याची एकेक ओळ म्हणजे एकेक पत्ता. बरोब्बर तीनच मिळतात. सीबाइंडच्या कंसानंतर स्वल्पविराम मात्र नको, नाहीतर ते सगळे ओळक्रमांकच समजले जातात.

एकच आकडा दिलास तर मोजणी स्तंभातून खाली जाते, आडवी नाही. ४ ओळींच्या मॅट्रिक्समध्ये एम[५] म्हणजे दुसऱ्या स्तंभातला पहिला. नवखे हमखास इथे गंडतात. एकच ओळ उचलताना चौकटी कंसात ड्रॉप = फॉल्स लिही; नाहीतर हातात मॅट्रिक्स न येता नुसता व्हेक्टर (आकड्यांची साधी यादी) येतो.