खर्डा पूर्ण झाला, आता?

प्रश्न: प्रार्थनेवरील माझ्या पुस्तकाचा पहिला खर्डा पूर्ण झाला. सुमारे 90 हजार शब्द, 22 प्रकरणे. लगेच प्रकाशकाकडे द्यावा का? – एक वाचक, वानवडी

उत्तर: मनःपूर्वक अभिनंदन! पण लगेच देऊ नका. तीन-चार आठवडे खर्डा बाजूला ठेवा, मग कागदावर छापून सलग वाचा. या वाचनात शुद्धलेखनाला हात लावू नका. प्रत्येक प्रकरणाचा मुद्दा एका वाक्यात लिहा. दोन वाक्ये सारखी आली तर प्रकरणे एकत्र करा. प्रवचनांतून तयार झालेल्या पुस्तकांत हे हमखास घडते, कारण बोलताना पुनरुक्ती लागते, वाचताना ती थकवते.

सर्वाधिक चुका बायबलच्या वचनांत सापडतात. पाठ असलेले वचन लिहिताना दोन भाषांतरे नकळत मिसळतात. म्हणून एकच भाषांतर ठरवा, प्रस्तावनेत त्याचा उल्लेख करा आणि प्रत्येक वचन छापील प्रतीवरून पुन्हा उतरवा. लांब उतारे असतील तर त्या भाषांतराच्या प्रकाशकाची लेखी परवानगी आताच मागा. जुन्या कॅथलिक ग्रंथांतले स्तोत्रांचे संदर्भ जपून घ्या: आपले 23 वे स्तोत्र तिथे 22 वे असते. संदर्भ पडताळायला बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या ग्रंथालयात विचारून पाहा.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल, तर रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. ‘प्रार्थना’ हाच शब्द आधी शोधा.

त्यानंतर दोघांना वाचायला द्या: एक धर्मशास्त्र शिकलेला, एक चर्चला न जाणारा.